पुण्यात घरोघरी पाइपने गॅस येतो, मग वीज गॅसवर का बनवत नाहीत?

बनते की, पण पुण्यात नाही. महानिर्मितीचं ६७२ मेगावॉटचं केंद्र उरणला आहे, आणि दाभोळचं (हो, तेच एन्रॉनवालं) सुमारे १९६७ मेगावॉटचं. अडचण यंत्राची नाही, इंधनाची आहे. गॅस टर्बाइनमधून निघणाऱ्या गरम धुरावर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवलं की नव्या केंद्रांत ५५ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळते. कोळशाला ४० गाठतानाच धाप लागते. शिवाय संध्याकाळी सोलर बंद झालं की गॅसचं केंद्र झटपट चालू करता येतं. पण देशी गॅस अपुरा, त्यात सीएनजी, स्वयंपाकघरं आणि खत कारखाने रांगेत पुढे. आयात एलएनजीची (थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक गॅसची) वीज वितरण कंपन्यांना महाग पडते. देशातली गॅसवरची सुमारे २० हजार मेगावॉट क्षमता त्यामुळेच बरीचशी पडून असते. माझ्या मते ती निदान उन्हाळ्यातल्या रात्रींसाठी तरी वापरावी.