विमेराला येताय, तर आधी मुलाची बारावी मोजा

तुम्ही विचारलंत की ऑस्ट्रेलियातल्या विमेरात, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या शेतीपट्ट्यात, शेती-यंत्रांच्या मेकॅनिकची नोकरी मिळतेय, व्हिसा 491 (रीजनल, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या भागात राहायच्या अटीचा तात्पुरता व्हिसा), मुलगा सातवीत, तर एवढ्याशा गावात राहावं का? व्हिसाचे नियम सरकारी पानांवर आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला झोप नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही जानेवारी 2022 मध्ये लातूरहून विमेरातल्या हॉर्शम शहराच्या उत्तरेच्या एका गावात आलो. मी हेडर दुरुस्त करतो. हार्वेस्टरला इथे हेडर म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मळणीत रात्री अकरालाही फोन येतो. कडक वारा सुटला की मात्र सगळे आपणहून थांबतात, एका ठिणगीत उभा गहू जातो. गावात बस फिरत नाही, वहिनींना गाडी शिकवूनच आणा. एकटेपणाचं विचाराल तर पहिला हिवाळा जड जातो, पुढे सवय होते.

कागदांत आम्हाला बायकोच्या नावाने छळलं. पदवीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. प्रतिज्ञापत्रं करून पाठवली की पुन्हा तोच प्रश्न, नव्या माणसाकडून. निघण्याआधी सगळीकडे एकच नाव करून घ्या.

आता मुलीचं. नववी अर्धी टाकून ती आली आणि फेब्रुवारीत थेट इयर टेनला बसली. पुढे अकरावी-बारावीला तिला स्पेशालिस्ट मॅथ्स, म्हणजे सगळ्यात वरचं गणित, हवं होतं. घेणारी ती एकटीच, म्हणून शाळेने वर्ग काढला नाही. दोन वर्षं ती लायब्ररीच्या कोपऱ्यात स्क्रीनसमोर बसून शिकली. अडलं तर ईमेल करायचा, उत्तर दुसऱ्या दिवशी. मी शाळेत भेटायला गेलो तर तिथले लोक फार गोड बोलले. त्या गोड बोलण्याचा राग अजून गेलेला नाही.

त्यात 2024 मध्ये तिची बारावी झाली तेव्हा आमचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) आलेलं नव्हतं. 491 वर युनिव्हर्सिटीत सरकारी अनुदानाची जागा मिळत नाही, परदेशी विद्यार्थ्याची फी भरावी लागते. ती आमच्या ऐपतीबाहेर होती. वर्षभर पोरीने गावातल्या वृद्धाश्रमात काम केलं. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, आता ती नर्सिंग करते. म्हणते, आवडतं. मी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

आणि हे कुणाला सांगितलेलं नाही: जिलाँगही रीजनलमध्येच मोडतं, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तिथे मोठ्या शाळा आहेत, मला कामही मिळालं असतं. पण इथली माती उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानासारखी भेगाळते. मसूर, हरभरा पिकतो. आमची कोरडवाहू जमीन भावावर सोडून आलो होतो, ती इथे परत मिळाल्यासारखं वाटलं. मला ते सोडवेना. बायकोला म्हणालो, नोकरी इथेच आहे.

इथले शेतकरी अजून मला डिसेंबर 2017 बद्दल विचारतात. तेव्हा भारताने हरभरा-मसुरावर 30 टक्के आयातशुल्क लावलं होतं. त्याच शुल्काने माझ्या भावाला चार पैसे जास्त मिळावेत असं मला वाटत होतं. म्हणून ते विचारतात तेव्हा मी मान खाली घालून बोल्ट आवळत राहतो.

तुमच्या हातात पाच वर्षं आहेत. पीआरसाठी लागणारे तीन वर्षांचे टॅक्सचे कागद, वर अर्जाचा वेळ, हे सगळं बारावीच्या आत बसतं का ते कॅलेंडरवर मांडा. शाळेला मुलांची संख्या विचारू नका, अकरावी-बारावीला कोणते विषय समोर शिक्षक उभा राहून शिकवतो ते विचारा, आणि लेखी घ्या.

मुलाला काय आवडतं, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. कळवा.