लेकरू परदेशात नेले, दाद कुठे मागायची? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आई किंवा वडिलांपैकी एकाने मूल दुसऱ्या देशातून इकडे आणले किंवा इकडून तिकडे नेले, अशी पत्रे मराठवाड्यातून आता नियमित येऊ लागली आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत नोकरी करते. जूनमध्ये नवरा आमच्या सहा वर्षांच्या मुलाला सुट्टीसाठी अंबाजोगाईला घेऊन आला. परतीच्या तिकिटाची तारीख उलटली, आता मुलाचे नाव इथल्या शाळेत घातले आहे. पोलीस म्हणतात, बापाने ठेवून घेतले म्हणजे अपहरण होत नाही. मी काय करू?

पोलीस सांगतात ते बव्हंशी खरे आहे. न्यायालयाचा आदेश मोडलेला नसेल, तर नैसर्गिक पालक असलेल्या वडिलांवर आपल्याकडे अपहरणाचा गुन्हा सहसा उभा राहत नाही. म्हणून ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यात दिवस घालवू नका.

अशा मुलांना त्यांच्या राहत्या देशात लवकर परत पाठवण्यासाठी 1980 चा हेग करार आहे, पण भारत त्याचा सदस्य नाही. विधी आयोगाने 2009 मध्ये सदस्य होण्याची शिफारस केली, 2016 मध्ये त्यासाठीच्या विधेयकावर अहवालही दिला, तरी गाडी पुढे सरकलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तुम्हाला एकाच वेळी दोन ठिकाणी जावे लागेल. पहिले न्यू जर्सीचे न्यायालय. मूल तिथे सलग सहा महिने राहत होते आणि एक पालक अजून तिथेच आहे, अशा स्थितीत मूल निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला, तर ताब्याचा प्रश्न ऐकण्याचा अधिकार प्राधान्याने त्या न्यायालयाकडे राहतो. दुसरे आपले छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. बीड जिल्हा त्याच्या कक्षेत येतो, आणि तिथे बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका करता येते. परदेशी आदेश हातात असला म्हणून मूल लगेच सुपूर्द होत नाही. 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश विचारात घ्यायचा केवळ एक मुद्दा ठरवला आणि मुलाचे हित सर्वांत वर ठेवले. मात्र 2020 आणि 2022 मध्ये याच न्यायालयाने हिताचा विचार करूनच मुलांना अमेरिकेत परत पाठवण्याचेही आदेश दिले आहेत.

म्हणून उशीर घातक ठरतो. सहामाही झाली, वर्ष गेले, मूल मराठीत बोलू लागले, वर्गात मित्र झाले, की ‘मूल इथे रुळले’ हा युक्तिवाद आपोआप बळकट होतो. माझ्याकडे आलेल्या एका आईने दुकानाच्या साध्या पिशवीत परतीचे तिकीट, लसीकरणाचे कार्ड, शाळेचे प्रगतिपुस्तक आणि ‘पंधरा तारखेला निघतोय’ या नवऱ्याच्या व्हॉट्सॲप संदेशाची छापील प्रत आणली होती. मूल परत नेण्याचे ठरले होते, हे त्या एका ओळीने सिद्ध होत होते. असे संदेश पुसू नका.

अमेरिकेत फौजदारी तक्रार करण्यापूर्वी मात्र तिथल्या वकिलाशी शांतपणे बोला. 1993 पासून तिथे मूल असे देशाबाहेर ठेवून घेणे हा संघराज्याच्या कायद्याखालील गुन्हा आहे. वॉरंट निघाले, की अटकेच्या भीतीने नवरा मुलाला घेऊन परत जाणार नाही आणि तडजोडीचा रस्ता अरुंद होतो.

प्रश्न : माझ्या मुलाच्या मारहाणीला कंटाळून सूनबाई दोन नातवंडांसह इंग्लंडहून परभणीला माझ्याकडे आली. आता तिथल्या न्यायालयाची नोटीस आली आहे. आम्ही ती न घेतलेलीच बरी ना?

आजोबा, मुलाची बाजू न घेता सुनेच्या पाठीशी उभे राहिलात, याबद्दल तुम्हाला नमस्कार. पण नोटीस नाकारू नका. नाकारली, तर एकतर्फी आदेश होईल आणि सूनबाईंनी लेकरे ‘पळवली’ एवढेच कागदावर राहील. तिथल्या वकिलामार्फत हजर होऊन मारहाणीची हकिकत शपथेवर मांडावी. तिथल्या डॉक्टरांच्या नोंदी, पोलिसांना केलेला फोन, शेजाऱ्यांना पाठवलेले संदेश हे सारे मागवून घ्या. मुलांना परत पाठवल्याने शारीरिक किंवा मानसिक इजा होईल का, हे आपली न्यायालये तपासतात. त्यासाठी पुरावा लागतो. खर्चाची चिंता असेल, तर 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. परभणीच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

प्रश्न : नवरा आमच्या चार वर्षांच्या मुलीला संभाजीनगरहून टोरांटोला घेऊन गेला. कॅनडा तर हेग कराराचा सदस्य आहे. मग तिथे अर्ज चालेल ना?

नाही. तो करार दोन्ही देश सदस्य असतील तेव्हाच लागू होतो. तुम्ही इथल्या कुटुंब न्यायालयात 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली ताबडतोब अर्ज करा. मुलगी नेहमी जिथे राहत होती तिथले न्यायालय हा अर्ज ऐकते, आणि 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो. नवऱ्याला नोटीस रीतसर बजावली जाईल याकडे कटाक्षाने लक्ष द्या, कारण समोरच्याला न ऐकता झालेला आदेश परदेशात लंगडा पडतो. आदेशाच्या प्रतीवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्या, म्हणजे कॅनडात तो खरा दस्तऐवज मानला जाईल. त्या देशात ही पद्धत जानेवारी 2024 पासून सुरू झाली आहे. मग टोरांटोतील वकिलामार्फत तो तिथल्या न्यायालयापुढे ठेवायचा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर आणि राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे तक्रार जरूर नोंदवा. मात्र भारतीय वकिलात (दूतावास) चौकशी करू शकते, मार्ग दाखवू शकते. मुलीला आणून तुमच्या हाती देण्याचा अधिकार तिला नाही.

प्रश्न : नांदेडला माहेरी आहे. नवरा मुलाला गुपचूप ह्यूस्टनला नेईल अशी भीती वाटते. मुलाचा पासपोर्ट अमेरिकेचा आहे.

मूल देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा आणि पासपोर्ट न्यायालयात जमा करायला लावणारा अंतरिम आदेश तातडीने मागा. सोळा वर्षांखालील मुलाच्या अमेरिकी पासपोर्टला सहसा दोन्ही पालकांची संमती लागते, आणि मुलाच्या नावे नव्या पासपोर्टचा अर्ज आल्यास पालकाला कळवणारी नोंदणीही अमेरिकी सरकारकडे करता येते. ती आजच करा.

प्रश्न : दोन महिन्यांनी लेकीशी व्हिडिओवर बोलायला मिळणार आहे. काय बोलू?

‘तू कधी येणार’ हे विचारू नका. त्याचे उत्तर तिच्या हातात नाही. वडिलांविषयी वाईट बोलू नका. तिची लाकडी बाहुली समोर ठेवा, अंगणातली मांजर दाखवा, झोपताना सांगायचात ती गोष्ट अर्धी सांगा आणि उरलेली पुढच्या वेळी सांगेन म्हणा. मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला पुन्हा फोन लावा.