‘नाहीत’ म्हणू नकोस, ‘देणार नाही’ म्हण

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पुण्यात एवढी कमाई असून साधं राहिलास, गाडी घेतली नाहीस, मोबाइल जुनाच आहे, कंपनीचे शेअर विकून किती आले ते सोलापुरात कुणाच्या कानावर जाऊ दिलं नाहीस. ‘पैसा दाखवू नये, साधं राहावं, त्यातच सुख’ हे तू शब्दशः पाळलंस. आणि आता विचारतोस, काका, मग सुख कुठंय?

खरं सांगू? गाडी-मोबाइलचं वाचताना मला काहीच वाटलं नाही. तुला हौस नाही, नको घेऊस. मी थबकलो ते चुलतभावाच्या परिच्छेदावर. सुताचे भाव चढले, व्यापाऱ्याकडं उधारी अडकली, माग बंद ठेवायची पाळी आली म्हणून त्यानं तुझ्याकडं तीन लाख मागितले. तू म्हणालास, ‘नाहीत रे, माझेच हप्ते भागत नाहीत.’ त्यानं ते खरं मानलं आणि शेकडा तीन रुपये महिना व्याजानं बाहेरून उचलले. वर वहिनीनं तुला पुण्याला डबा पाठवला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि वर चिठ्ठी, ‘भावजी, खाण्यापिण्याची आबाळ करू नका.’ ती चटणी तुझ्या घशाखाली उतरली नाही म्हणतोस. कशी उतरेल बे?

त्याला पैसे द्यायलाच हवे होते असं मी म्हणत नाही. नसते दिलेस तरी चाललं असतं. पण ‘देणार नाही’ म्हणायचं होतंस. ‘आहेत, पण देणार नाही.’ एवढं वाक्य तोंडातून निघालं असतं तर तो दोन महिने रुसला असता, आणि तू ती भाकरी खाल्ली असतीस.

साधं राहणं ही आवड आहे. लपवणं ही नोकरी आहे, तीही रात्रपाळीची. कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं, सुट्टीत कुठं गेलो ते सांगायचं नाही, नवा शर्ट घेतला तर किंमत निम्मी सांगायची. माझ्या मुलीनं मागं एक अभ्यास वाचायला दिला होता. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये मांडलेला. गुपित लोकांसमोर दडवण्याचे प्रसंग मोजकेच येतात, पण मन एकटंच असताना पुन्हापुन्हा त्याच गुपिताकडं जातं आणि त्रास जास्त त्याचा होतो, असं त्यांना आढळलं. मुलीला म्हटलं, हे मला आपल्या चाटी गल्लीच्या कापडबाजारात हिशेब लिहिता लिहिताच कळलं होतं.

खरोखर कळलं होतं. मी आयुष्यभर कापडवाल्यांचे आणि चादर-टॉवेल कारखानदारांचे कराचे कागद केले. त्यातले एक शेठ धोतर दोनच बाळगायचे, चहा पाहुणा आला तरच. गावात त्यांच्या साधेपणाचं कौतुक व्हायचं. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं मला घरी बोलावलं. लोखंडी कपाटाच्या खणात वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, त्याखाली एफडीच्या पावत्या. काही पिवळ्या पडलेल्या, एका पतपेढीच्या नावाचा शिक्का पुसट झालेला. बाईंना यातलं काहीएक माहीत नव्हतं. जन्मभर त्या भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी घासाघीस करत आल्या होत्या. पावत्या हातात घेऊन त्या रडल्या नाहीत. संतापल्या. मला म्हणाल्या, ‘म्हणजे पोरीला शिकवता आलं असतं.’ यावर काय बोलणार?

याला साधेपणा म्हणतात का? दोन धोतरं त्यांची स्वतःची निवड होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बायकोचा संसार त्यांनी खोट्या आकड्यावर चालवला.

आणि लपवलेला पैसा पुष्कळदा घरच्यांना मिळतही नाही. बँकेत दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसांना ती नंतरही मागता येते, त्यासाठी २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टलही निघालं, पण मुळात पैसा होता हे ठाऊक असेल तर माणूस शोधणार ना! शेअरचंही तसंच. तिथं तर सात वर्षं लाभांश घेतला नाही तर तो आणि पुढं शेअरही सरकारच्या निधीकडं वळतात. ‘नॉमिनी लावलाय की’ असं म्हणू नकोस. शेअरचा नॉमिनी त्याचा मालक होत नाही, मालकी वारसांचीच, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. मृत्युपत्र कर. वय तिशीचं असलं तरी कर.

आता तू म्हणशील, काका, सगळ्यांनाच सांगत सुटू का? नाही रे बाबा. गावजेवण घालून आकडा जाहीर करायला कोण सांगतंय? विचारलं नाही त्याला सांगू नये, यात खोटं काही नाही. शेजाऱ्यानं पगार विचारला तर ‘ते राहू द्या’ म्हणावं. मी फक्त खोट्याच्या विरुद्ध आहे. गप्प बसणं चालेल, ‘देणार नाही’ चालेल, ‘नाहीत’ चालणार नाही.

एक अपवाद मात्र मी मानतो आणि तो मोठा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हा आमच्या पेठेतल्या बँकेसमोर विडी वळणाऱ्या बायांची रांग होती. हजार विड्यांमागं मिळणाऱ्या मजुरीतून वाचवलेल्या पाचशेच्या नोटा, तांदळाच्या डब्यात नवऱ्यापासून लपवलेल्या. एकीचा नवरा त्याच रांगेत मागं उभा होता. तिनं पदर तोंडावर ओढला तो शेवटपर्यंत काढला नाही. तिचं लपवणं मी कधीच चूक म्हणणार नाही. तिनं सांगितलं असतं तर पैसा गुत्त्यात गेला असता आणि वर मार बसला असता. पण तुला कोण मारणार आहे? तू लपवतोस ते फक्त ‘नाही’ म्हणण्याचा कंटाळा येतो म्हणून. दुबळ्याची ढाल तू कशाला उचलतोस?

माझ्याकडंही एकदा सख्ख्या भावानं पैसे मागितले होते. मोठी रक्कम, धंद्याचा विचार कच्चा. सगळे मला म्हणाले, सांगून टाक अडचण आहे म्हणून, नातं टिकेल. मी म्हणालो, ‘दादा, पैसे आहेत, पण यात घालणार नाही.’ तो उठून गेला. माझ्या मुलीच्या लग्नात आला नाही. आई असेपर्यंत आम्ही दिवाळीला वेगवेगळ्या वेळी तिच्याकडं जायचो. लोक अजून म्हणतात, जरा गोड बोलला असतास तर? बोललो असतो तर काय झालं असतं? तो आला असता, जेवला असता, आणि मी त्याच्या ताटात वाढताना माझ्या मनात ते खोटं बसलं असतं. मला ते नको होतं. तो लग्नात हवा होता, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि मी आजही तेच बोलेन. तुझ्या काकूला हे पटत नाही. तिला चाळीस वर्षांत पटलं नाही, तर या पत्रानं काय पटणार!

आपल्या गावात दोन्ही टोकं बघायला मिळतात. व्यापारात कमावलेल्या अप्पासाहेब वारदांनी इंद्रभुवन हा वाडा बांधला, नक्षी बघून आजही मान वर होते. पुढं तिथं महापालिका बसली आणि लोक घरपट्टीच्या तक्रारी घेऊन जिने चढू लागले. मला त्या वास्तूचा कधी राग आला नाही. कमावलं, बांधलं, उघड्यावर बांधलं. दुसरीकडं बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर. तळं खोदवलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. त्या परंपरेत श्रम करून मिळवावं आणि दासोह, म्हणजे सेवा म्हणून, वाटावं असं सांगितलंय. मिळवलेलं पुरून ठेवावं आणि वर फाटकं नेसावं, असं तिथंही कुणी सांगितलेलं नाही. जुनी चप्पल घालून ‘बघा मी किती साधा’ असं मनात म्हणणारा मला तर इंद्रभुवनापेक्षा दिखाऊ वाटतो. तुझ्या मेसेजमध्ये त्याचा थोडा वास आला, म्हणून लिहितोय. राग मानू नकोस, किंवा मान.

ज्या मुलीशी तुझं ठरतंय, तिला साखरपुड्याआधी सगळं सांग. आकड्यासकट. तिच्या वडिलांना नाही, तिला. तिला आवडलं नाही तर तेही आत्ताच कळू दे.

आणि भावाकडं जा. फोन नको, जाऊन बस. ‘तेव्हा होते, मी खोटं बोललो’ एवढंच आधी बोल, द्यायचे की नाही ते त्यानंतर. द्यायचे असतील तर कागदावर दे, द्यायचे नसतील तर तोंडावर सांग. वहिनी आत असेल, तिच्यासमोर सांग. चिडतील दोघंही, चिडू देत. सावकाराचं व्याज दहा तारखेला जातं असं तूच लिहिलंयस. त्याच्या आत जा.

तुझा,
काका