'ऑक्सिजन संपला' हे निरीक्षण नव्हे

मॅडम, प्रयोगवहीत निरीक्षणाच्या जागी मुलं कारणच लिहून मोकळी होतात, ही तुमची अडचण व्याख्या पाठ करून घेतल्याने सुटणार नाही. तुम्ही दिलेलं मेणबत्तीचंच उदाहरण घेऊ.

ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. मुलं लिहितात, "ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं." ऑक्सिजन कुणाला दिसला? दिसलं एवढंच की ज्योत बारीक होत विझली आणि ग्लासात पाणी चढलं. पुढच्या वेळी पाण्यात थोडा रंग घाला आणि एकच गोष्ट बघायला सांगा: पाणी नेमकं कधी चढतं? ज्योत जळत असताना ते फारसं हलत नाही. विझताना आणि विझल्यावर भराभर चढतं. कधी सुरुवातीला कडेने बुडबुडेही बाहेर पडतात. ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असतं, तर ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं होतं. खरं तर आतला सगळा ऑक्सिजन संपतही नाही. मुख्य कारण म्हणजे तापलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. मुलांचं अनुमान चुकलं तर बिघडत नाही. पण ते निरीक्षण म्हणून लिहिलं गेलं की तपासायचं राहूनच जातं.

प्रत्येक वाक्याला "हे कशावरून?" एवढंच विचारा, न रागावता. पाहिलं, ऐकलं, मोजलं असं उत्तर आलं तर निरीक्षण. "म्हणजे तसंच असणार" आलं की अनुमान. आणि फळ्यावर निरीक्षण आधीच लिहून द्यायची पद्धत कृपया बंद करा, मूळ दुखणं तिथंच आहे.

आठवी-नववीला आपल्या लातूर जिल्ह्यातला किल्लारीचा भूकंप घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेपर्यंत भूकंपाच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती, हे निरीक्षण. म्हणून धोका कमी, हे अनुमान. २००२ च्या नकाशात लातूर तिसऱ्या विभागात गेलं. मुलांना घरच्या मोठ्यांच्या आठवणी लिहून आणू द्या (ज्या घरात माणसं गेली, तिथं विचारायचा आग्रह नको). मग "भांडी खणखणली", "भिंत आत पडली" याखाली निळी रेघ, "धरणाच्या पाण्यामुळं झालं" याखाली लाल. धरणाबद्दल शास्त्रज्ञांमध्येही वाद झालेले आहेत, तेव्हा त्या लाल रेघेवर वर्ग भांडला तर तास संपेपर्यंत भांडू द्या.