उधळ्या पुत्राच्या चित्रातले ते जोडे

प्रश्न: डच चित्रकार रेम्ब्राँटच्या 'उधळ्या पुत्रा'च्या एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रात) मागे नोकर कपडे, जोडे घेऊन येताना दिसतात. एवढ्या भावुक प्रसंगात ते कशाला?

उत्तर: मला तर तेच सगळ्यात भिडतं! हे एचिंग १६३६ चं, बापाकडून घेतलेली वाटणी उधळून घरी परतलेल्या मुलाच्या बायबलमधल्या गोष्टीवरचं. पोरगा पार हडकलेला, जवळजवळ उघडाच, गुडघ्यावर, म्हणजे त्याने काय काय गमावलं ते अंगावरच दिसतं ना. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात तो म्हणणार असतो की मला मजूर म्हणून ठेवा, पण बाप ऐकूनच घेत नाही, उंची झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो, आणि अनवाणी असायचा गुलाम, जोडे घालायचा घरचा मुलगा, म्हणून ते जोडे म्हणजे त्याचं मुलगा असणं परत मिळणं. आणि बाप बघा, किती खाली वाकलाय!