वाचकांचे प्रश्न : सतरा इंची चाके आणि नऊचे अ‍ॅव्हरेज

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची छोटी स्पोर्ट हॅचबॅक आहे. गेल्या वर्षी ती मी जुन्या बाजारात घेतली. आधीच्या मालकांनी मूळ १९५/५५ आर १६ टायर काढून २१५/५० आर १७ टायर आणि अलॉय बसवले, उघडा कोन एअर फिल्टर लावला आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच सायलेन्सरमधून फटाके फुटावेत असे रिमॅपिंग (इंजिनाच्या संगणकातील इंधन-ठिणगीचा तक्ता, म्हणजे ‘मॅप’, बदलणे) करून घेतले. सिंहगड रस्ता ते हिंजवडी या रोजच्या प्रवासात अ‍ॅव्हरेज जेमतेम ९ पडते आणि गर्दीत दुसऱ्या गिअरला गाडी ओढत नाही. स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतली तर हवेचा रोध घटून अ‍ॅव्हरेज वाढेल, असे एका गॅरेजमध्ये सांगितले. आपला सल्ला काय?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नवा खर्च करण्याआधी, आधीच्या मालकांनी केलेला खर्च गाडीवरून उतरवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरुवात रिमॅपिंगपासून करावी. इंजेक्शनच्या गाडीत आपण गिअर न काढता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की चाकेच इंजिनाला फिरवतात हे ओळखून ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्ण तोडतो. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना मूळ स्थितीतली गाडी बराच वेळ पेट्रोलविना धावत असते. (तिथे न्यूट्रल करणाऱ्यांची मात्र दुहेरी चूक होते : आयडलिंगला पेट्रोल जळतेच आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.) फटाक्यांच्या मॅपमध्ये नेमके हेच तोडणे बंद केलेले असते, इंधन चालू ठेवून ठिणगी उशिरा दिली जाते आणि ते मिश्रण सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये पेटते. शहरात दर सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटर सुटतो, म्हणजे दर सिग्नलला आपण पेट्रोल आवाजासाठी जाळत आहात. त्या उष्णतेने टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) यांचे आयुष्यही घटते. म्हणून मूळ मॅप परत घालून घ्यावा आणि त्याच वेळी स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचे (धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाचे) आकडे पाहून घ्यावेत.

आता टायर. मूळ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, तर सध्याच्या टायरचा सुमारे ६४७ मिलिमीटर, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक मोठा आहे. यामुळे प्रत्येक गिअर तितकाच लांब होतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिन तितके कमी फिरते. टर्बोने जोर धरण्याआधीच्या आरपीएमला (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) गाडी रेंगाळते ती काही अंशी यामुळे, आणि जड चाक दर वेळी नव्याने फिरवावे लागते ते वेगळेच. गंमत अशी, की मोठ्या चाकामुळे ओडोमीटर अंतर कमी मोजतो. आपले ९ प्रत्यक्षात ९.४च्या आसपास असू शकतात. मूळ १६ इंची संच मिळवावा. १७ इंचीच ठेवायचे असल्यास २०५/४५ आर १७ हे माप व्यासाने मूळ मापाच्या अगदी जवळ बसते. मात्र त्याची बाजू बुटकी असल्याने खड्ड्यात रिम वाकण्याची जोखीम आपली.

कोन फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. तापलेली हवा विरळ असते आणि तिने नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याची) शक्यता वाढते, ते टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी उशिरा देतो आणि एप्रिल-मेमध्ये तर पिकअप जाणवण्याइतका खाली येतो. मूळ फिल्टरचा डबा बाहेरची थंड हवा घेतो, तोच बसवावा.

एवढे झाल्यावरही गाडी रेंगाळली, तर इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज आणि क्लॅम्प कुठे गळत नाहीत ना, ते तपासावे. स्पार्क प्लग आणि व्हील अलाइनमेंट पाहावे. एखादा ब्रेक जॅम आहे का, हे घरीही कळते : घरी पोहोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन कुठले जास्त तापले आहे ते पाहावे, डिस्कला हात लावू नये.

गाडी खाली घेण्याचा विचार सोडून द्यावा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्याचा खरा हिशोब द्रुतगती मार्गावर होतो, वाकडच्या रांगेत नव्हे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापासून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही, आणि सायलेन्सरही बदललेला असेल तर तोही मूळचा बसवून घ्यावा.

सुधारणा मोजताना एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप थांबेपर्यंत टाकी भरावी आणि सलग तीन टाक्यांची सरासरी काढावी. कोथरूडच्या टेकडीवरील एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेतली चाचणी प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमाने होते. त्या आकड्याशी चांदणी चौकातून जाणाऱ्या गाडीची तुलना करून मनस्ताप करून घेऊ नये. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ऊर्जाही प्रति लिटर ६-७ टक्क्यांनी कमी असते, तेवढी घट आकड्यात धरावी लागेल.