समुद्र न पाहिलेल्या घरातून डॉल्फिनवर पीएच.डी.?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते लिहितात: "मुलगी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मासेमारीच्या जाळ्यात चुकून अडकून मरणाऱ्या डॉल्फिनवर पीएच.डी. करायची म्हणते. आमचे टॉवेलचे चार माग आहेत. घरात तेलुगू बोलतो. आमच्यापैकी कुणी कधी होडीत बसलेलं नाही. यावर तिचं पोट भरेल का? मुलीनं एकटीनं बोटीवर जायचं का? आणि लग्नाचं वय निघून जाईल त्याचं काय?"

सप्रेम नमस्कार.

मुलीनं हा विषय कुठून काढला, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण विषय खरा आहे आणि मोठा आहे. डॉल्फिन मासा नाही, तो आपल्यासारखा फुप्फुसानं श्वास घेतो. पाण्यात लावून ठेवलेल्या जाळ्यात अडकला की त्याला श्वासासाठी वर येता येत नाही, आणि तो तिथंच गुदमरून मरतो. नंतर किनाऱ्याला लागलेल्या अशा डॉल्फिनच्या चोचीवर आणि परांच्या कडेला कधी कधी दोऱ्याचे बारीक वळ दिसतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे जगभरात वर्षाला सुमारे ३ लाख देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉईज (डॉल्फिनचाच बोथट तोंडाचा भाऊबंद) असे मरतात. हे कोळ्यालाही नको असतं. त्याचं जाळं फाटतं, दिवस वाया जातो. आपल्या कोकणात किनाऱ्यालगत फिरणारा कुबड असलेला डॉल्फिन आणि पाठीवर पर नसलेला पॉरपॉईज नेमके तिथंच राहतात, जिथं लहान होड्यांची जाळी लागतात.

आता यात अवघड काय आहे ते सांगतो, कारण तुमच्या मुलीची खरी कसोटी तिथं आहे. हे सगळे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे आणि मारणं गुन्हा आहे. त्यामुळे मेलेला डॉल्फिन जाळ्यात आला की खलाशी घाबरतो, मुकाट्यानं समुद्रात सोडून देतो, आणि कुठल्याच वहीत त्याची नोंद होत नाही. संशोधकाला तो आकडा हवा असतो. तो प्रयोगशाळेत मिळत नाही. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असताना, जाळं शिवत बसलेल्या माणसाशेजारी तासन् तास बसलं, चहा घेतला, तिसऱ्या-चौथ्या भेटीत विश्वास बसला, तर मिळतो. महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. तिच्यामुळे बोलायला थोडी वाट मोकळी झाली आहे.

आकडा का हवा? अमेरिकेत एक हिशेब करतात. डॉल्फिनच्या कळपांची वाढ वर्षाला जास्तीत जास्त ४ टक्के धरतात. त्याच्या निम्मे, म्हणजे २ टक्के घेतात, आणि प्रजाती अडचणीत असेल तर त्याचेही अर्धे. म्हणजे एखाद्या पट्ट्यात अशा अडचणीतल्या प्रजातीचे किमान १००० डॉल्फिन असतील, तर माणसाच्या हातून वर्षाला १० पेक्षा जास्त मरता कामा नयेत. अकरावा कधी मेला, हे कुणीतरी मोजत असायला हवं. त्यासाठी संख्याशास्त्र पक्कं लागतं. तुमची मुलगी गणिताला घाबरत असेल, तर आजपासून ती भीती घालवायला लागा.

पोटाचं स्पष्ट सांगतो. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती (फेलोशिप) मिळाली तर महिन्याला ३७ हजार, पुढे ४२ हजार रुपये मिळतात. ती नाही मिळाली तर महाज्योती, बार्टी, सारथी या फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्थांपैकी तुमच्या प्रवर्गाला लागू असेल तिथली जाहिरात पाहा. फेलोशिपशिवाय या विषयात शिरू देऊ नका, कारण किनाऱ्यावर राहण्या-फिरण्याचा खर्च मागावरच्या कमाईतून झेपणार नाही. पीएच.डी.नंतर कायम नोकऱ्या थोड्याच आहेत. प्रकल्पावरच्या कंत्राटी जागा मिळतात, पण त्या वर्ष-दोन वर्षांच्या. म्हणून नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) हातात ठेवायचंच, प्राध्यापकीची वाट उघडी राहते. दुसरीकडे, समुद्री सस्तन प्राण्यांना मासेमारीत पुरेसं संरक्षण न देणाऱ्या देशांची मासळी अडवण्याचा अमेरिकेचा नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. या नोंदी करू शकणारी माणसं आपल्याला लागणार आहेत, असं माझं मत आहे.

संस्था निवडण्याआधी मार्गदर्शक निवडा. वर्सोव्याची सीआयएफई ही मत्स्यशिक्षण संस्था, कोचीची सीएमएफआरआय ही सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि तिची मुंबई व विशाखापट्टणमची केंद्रं, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, गोवा विद्यापीठ, या ठिकाणी कुणाचं काम या विषयावर आहे ते मुलीनं शोधावं, त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत आणि मग ईमेल करावा. विशाखापट्टणम मुद्दाम सांगतो आहे. घरात तेलुगू, बाहेर मराठी असलेली मुलगी कोकणात आणि आंध्रच्या किनाऱ्यावर दुभाष्याशिवाय बोलू शकेल. फार थोड्यांकडे हे असतं.

बोटीचं म्हणाल, तर बरंचसं काम पहाटे धक्क्यावर मासळी उतरताना होतं. तिथं मासळी घ्यायला आलेल्या बायकांना कुठल्या होडीत काय आलं ते सगळं ठाऊक असतं, आणि मुलगी असल्यानं त्या तिच्याशी मोकळं बोलतील. खोल समुद्रात एकटीनं जायची सक्ती नसते. मार्गदर्शकाला हे आधीच स्पष्ट विचारा. लग्नाबाबत एवढंच सांगेन की पीएच.डी. किमान तीन वर्षांची असते, नियमांत स्त्रियांना जादा मुदत आहे आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजाही आहे. स्थळ पाहताना हे सांगायला संकोच करू नका.

अर्ज करण्याआधी तिला एक काम द्या. सहा रविवार उजनीच्या काठावर, करमाळा तालुक्यात, मच्छीमारांबरोबर बसू द्या. प्रत्येक जाळ्याची लांबी, आस (जाळ्याचं भोक) किती बोटांचा, किती तास पाण्यात होतं, काय हवं होतं आणि नको असलेलं काय आलं, एवढं वहीत लिहायचं. चौथ्या रविवारी ती स्वतःहून पहाटेची एसटी धरते का, ते पाहा. धरली, तर ही वही मार्गदर्शकाला दाखवण्यासारखी होईल.

आणि जाण्याआधी एक संध्याकाळ तिला मागाजवळ बसवा. सुताची जाडी जशी काउंटमध्ये, तशी जाळ्याच्या पीळदार नायलॉन धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. डॉल्फिन आवाज सोडून त्याच्या पडसादावरून समोरचं ओळखतो. धागा जितका बारीक, तितका त्याचा पडसाद कमी मिळतो आणि जाळं उशिरा कळतं. धाग्याची जाडी म्हणजे काय, पीळ वाढला की ताकद कशी बदलते, हे तुम्ही तिला बोटांत धागा धरून सांगू शकाल.